बोळातली प्रत, ड्यूकचा बंगला आणि लॉटरीचा पैसा

उंबरठा (धागाकर्ता):
लंडनच्या नॅशनल गॅलरीत इटालियन चित्रकार राफाएलचं ‘मॅडोना ऑफ द पिंक्स’ हे चित्र आहे: मेरी, बाळ येशू आणि पिंक्स, म्हणजे कार्नेशनची फुलं. २८ बाय २२ सेंमी, म्हणजे फुलस्केप कागदाहूनही लहान. नॉर्दम्बरलंडच्या चौथ्या ड्यूकने १८५३ मध्ये रोमच्या कामुच्चिनी बंधूंचा चित्रसंग्रह घाऊक उचलला, त्यात हेही आलं. घेताना अस्सल म्हणूनच घेतलं. पुढे जाणकारांनी नाकं मुरडली, ‘मूळ हरवलंय, ही त्याची एक प्रत’ असं ठरलं आणि चित्र ड्यूकच्या अ‍ॅनिक किल्ल्याच्या बोळात लटकत राहिलं. १९९१ मध्ये नॅशनल गॅलरीचे क्युरेटर निकोलस पेनी यांची नजर त्यावर गेली, तपासण्या झाल्या आणि प्रतीचा राफाएल झाला!

मग काय, २००२ मध्ये सध्याच्या ड्यूकसाहेबांनी ते कॅलिफोर्नियाच्या गेटी म्युझियमला सुमारे साडेतीन कोटी पौंडांना द्यायचं ठरवलं. बोंबाबोंब झाली, निर्यात अडवली गेली. २००४ मध्ये नॅशनल गॅलरीने २ कोटी २० लाख पौंड मोजले, त्यातले १ कोटी १५ लाख राष्ट्रीय लॉटरीच्या निधीचे, म्हणजे तिकीट काढणाऱ्यांचे. लॉटरीची तिकिटं ड्यूक काढत नाहीत.

माझं मत स्पष्ट आहे: खुशाल जाऊ द्यायचं होतं. ज्याच्याकडे पिढ्यानपिढ्या कुणी ढुंकून पाहिलं नाही, ते एका रात्रीत राष्ट्राचा ठेवा? चित्राचा एक ठिपका बदलला नाही, बदलली फक्त पाटी.

टाकाऊ_टिकाऊ:
नुसती पाटी नाही हो. इन्फ्रारेडखाली रंगाच्या थराआडचं रेखाटन दिसलं. सैल हाताने काढलेलं, राफाएलच्या कागदावरच्या रेखाटनांशी मिळणारं, आणि जागोजागी बेत बदललेला. रेखाटनात एक, रंगवताना दुसरंच. नक्कल करणाऱ्याला हे करायची गरजच काय? त्याच्यासमोर तयार चित्र असतं, तो चाचपडत नाही.

आणि एकदा चित्र नीट बघा. अंधाऱ्या शयनगृहात हिरवा पडदा, मांडीवर उशी, उशीवर बाळ. आईच्या हातातली फुलं त्याने धरली आहेत आणि दोघांचं लक्ष त्या फुलांतच आहे. खिडकीतून मागे पडका वाडा दिसतो. तळहातांत धरून जवळून बघायची चीज आहे ही. आज लंडनमध्ये कुणीही फुकट आत जाऊन बघू शकतो. विकत घेतल्यावर मँचेस्टर, कार्डिफ, एडिंबराला फिरवलंही. ड्यूकच्या बोळात कोण जाणार होतं?

पेन्शनर_नं_२:
धागाकर्त्याशी सहमत. सरदारांनी विकायचं आणि जनतेने सोडवून घ्यायचं, वर आभारही मानायचे. चालू द्या.

हिशेबनीस:
२ कोटी २० लाख आणि साडेतीन कोटी यांत फरक का, हे कुणी विचारलंच नाही. त्यांच्याकडे असा नियम आहे की वारसा म्हणून करमाफी मिळालेली वस्तू परस्पर सार्वजनिक संग्रहालयाला विकली, तर मालकाला कर भरावा लागत नाही. त्या सवलतीतला काही वाटा मालकाचा, बाकीच्याने किंमत खाली येते. म्हणजे गॅलरीला ‘स्वस्तात’ मिळालं म्हणणारे निम्मा हिशेब सांगतात. जो कर सरकारजमा झालाच नाही, तोही जनतेचाच पैसा. तरीही मी खरेदीच्या बाजूने आहे, कारण याच घराण्याने बेल्लिनीचं ‘फीस्ट ऑफ द गॉड्स’ हे चित्र पहिल्या महायुद्धाच्या काळात विकलं. तेही याच कामुच्चिनी संग्रहातलं. आता ते वॉशिंग्टनमध्ये आहे आणि परत येण्याची काडीचीही आशा नाही.

उंबरठा:
मग बिघडलं काय? वॉशिंग्टनलाही तिकीट नाही. बेल्लिनी व्हेनिसचा, राफाएल उर्बिनोचा. रडायचंच तर इटलीने रडावं, इंग्रजांनी कसला गळा काढायचा! कोहिनूरचा विषय निघाला की हेच लोक घड्याळ बघतात.

शंकासुर:
मूळ प्रश्न बाजूलाच राहिला. कोलंबिया विद्यापीठाचे कला-इतिहासकार जेम्स बेक तर ठामपणे म्हणत की हा राफाएल नाहीच. व्हिन्चेन्झो कामुच्चिनी स्वतः कसलेला चित्रकार, भाऊ पिएत्रो चित्रांचा व्यापारी. अशा घरातून आलेल्या चित्राची वंशावळ मी तरी डोळे झाकून मानणार नाही.

टाकाऊ_टिकाऊ:
बेक एका बाजूला आणि राफाएलवर काम करणारे बहुतेक अभ्यासक दुसऱ्या. संशय घ्यावा, पण मग त्या रेखाटनाचं उत्तर द्या. ‘आधीचा मालक हुशार होता’ हा पुरावा नव्हे.

सयाजीगंज:
आमच्या बडोद्याच्या महाराजा फत्तेसिंग संग्रहालयात राफाएल, तिशियन, मुरिलो यांच्या प्रती आहेत, प्रत म्हणूनच मांडलेल्या. गायकवाडांना त्यात कमीपणा वाटला नाही. आपल्याकडे १९७२ चा पुरावस्तू कायदा असल्यामुळे रविवर्म्याचं चित्र खाजगी मालकाला परदेशी विकताच येत नाही. इंग्लंडात निर्यात थोडे महिने रोखतात आणि तेवढ्यात पैसे उभे करा म्हणतात. ड्यूकची दोन्हीकडून चांदी.

हिशेबनीस:
पण आपल्या कायद्याने भाव पडतो आणि चित्र वाड्यात कुजतं, हेही लिहा की. संग्रहालयाकडे पैसा नाही, मालकाला गिऱ्हाईक नाही. त्यापेक्षा लंडनचा सौदा मला परवडला.

उंबरठा:
तुम्हाला परवडला असेल, लॉटरीचं तिकीट काढणाऱ्याला विचारा. पेनी त्या बोळातून न बघता पुढे गेले असते, तर हेच चित्र आजही तिथेच असतं आणि लॉटरीचे १ कोटी १५ लाख दुसऱ्या कशाला तरी लागले असते. यावर अजून कुणी उत्तर दिलेलं नाही.