हॉलला १२ डाउनलाइट खरंच लागतात का?

नवाफ्लॅट: टूबीएचकेचा ताबा मिळालाय, सोमवारी इलेक्ट्रिशियन वायरसाठी भिंतीत झिरी मारायला येतोय. हॉल ११ बाय १६ आणि डिझायनरने त्यात १२ वॅटचे १२ डाउनलाइट (छतात बसवायचे दिवे) दाखवलेत, वर कोव्हमध्ये (छताच्या कडेच्या खाचेत) एलईडी स्ट्रिप वेगळी. आई म्हणते एक ट्यूब लाव, सगळं दिसतं. कोणाचं ऐकू?

ओट्यापाशी: १४४ वॅटचे एलईडी एवढ्याशा हॉलला? लग्नाचं कार्यालय आहे का ते! सहा पुरे, तेही दोन बटणांवर वाटून घ्या. पण हॉलचं राहू द्या, किचनचं बघा आधी, आमच्याकडे सगळा उजेड छताच्या मधोमध, त्यामुळे ओट्याशी उभं राहिलं की आपलीच सावली विळीवर, कोथिंबीर निवडताना पिवळी पानं दिसतच नाहीत. शेवटी वरच्या कपाटाखाली स्ट्रिप लावली तर तिची वायर टाइल्सवरून पट्टीतून आणावी लागली, दिसते ती अजून. तो पॉइंट आत्ताच काढून ठेवा.

पिवळाकीपांढरा: उजेडाचा रंग पण ठरवा हो. बेडरूमला ३००० केल्विन म्हणजे पिवळसर, ओट्यावर ४०००. ६५०० चा पांढराफटक घरात नकोच, माणसं आजारी दिसतात. आणि खोक्यावर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० बघून घ्या, नाहीतर मरून साडी चॉकलेटी दिसते.

झिरीवाला: पंख्याचं कोणी बोललंच नाही. डाउनलाइट पात्यांच्या वर आला की पंखा लावल्यावर उजेड लपलप करतो, डोकं उठतं. पात्यांच्या टोकापासून फूटभर तरी लांब घ्या. १२ व्होल्टची स्ट्रिप एका टोकाने पाच मीटरच्या पुढे ओढू नका, शेवटाला मंद होते. ड्रायव्हर (स्ट्रिपला वीज पुरवणारा डबा) हात पोचेल असा ठेवा कारण स्ट्रिपआधी तोच जातो, आमचा पीओपीत बंद होता, सिलिंग कापलं. बेडजवळ टू-वे बटण घ्याच, एकच दिवा दाराशी आणि बेडपाशी दोन्हीकडून बंद करता येतो. आणि प्लास्टर मारायच्या आधी भिंतीला मोजायची टेप लावून वायरींचे फोटो काढा, पुढे ड्रिल मारताना दुवा द्याल.

नवाफ्लॅट: ड्रॉइंग काढून बघितलं, चार डाउनलाइट बरोब्बर पात्यांवरच आहेत 😅 सहाच करतो. ओट्याचा आणि बेडजवळचा पॉइंट लिहून घेतला. आईची ट्यूब पण राहणार, पेपर वाचायच्या खुर्चीच्या वर.

ओट्यापाशी: देवघराला विसरलात ना? तिथेही पॉइंट काढा.