वेदीवरची भाकर आणि रोजचे काम

नोकरी-संसार सोडून पूर्णवेळ सेवेत गेल्याखेरीज जीवन देवाला वाहिले असे म्हणता येत नाही, हे मत मला पटत नाही. बायबलमधील रोमकरांस पत्राच्या 12व्या अध्यायात प्रेषित पौल आपली शरीरे ‘जिवंत यज्ञ’ म्हणून समर्पण करण्यास सांगतो, तेव्हा तो धर्मगुरूंशी नव्हे, तर रोममधल्या सर्वसाधारण विश्वासणाऱ्यांशी बोलत असतो. आणि तिथे मराठीत ‘सेवा’ म्हणून आलेला मूळ ग्रीक शब्द ‘लात्रेया’ हा नव्या करारात देवाच्या उपासनेसाठी वापरला जाणारा आहे. मिस्सामधील (कॅथलिक चर्चमधील मुख्य उपासनेतील) अर्पणविधी पाहिला तरी हेच दिसते. वेदीवर गहू आणि द्राक्षे नव्हे, तर भाकर आणि द्राक्षारस नेला जातो, आणि त्या वेळच्या प्रार्थनेत मानवी हातांच्या श्रमांचा स्पष्ट उल्लेख असतो. म्हणजे पेरणाऱ्याचा, दळणाऱ्याचा, भाजणाऱ्याचा दिवसही त्या ताटलीत असतो. (घड्याळाकडे पाहत मिस्सा ऐकणाऱ्या माझ्यासारख्यांच्या हे लक्षात यायला बरीच वर्षे जातात.) 17व्या शतकात पॅरिसमध्ये कार्मेलाइट या कॅथलिक संन्यासी संघाच्या मठात स्वयंपाक करणारे ब्रदर लॉरेन्स भांड्यांच्या गोंगाटातही आपण प्रार्थनेइतकेच देवाच्या सान्निध्यात असतो, असे सांगत. ते मठवासी होते खरे, पण धर्मगुरू नव्हते, आणि स्वयंपाकघराचे काम त्यांना मुळात नावडतेच होते.