फरार आरोपीचं दारूबंदीतलं अपील ऐकावं का?

कोरडा जिल्हा
बुटीबोरीकडून वर्ध्यात देशीच्या पेट्या नेताना माणूस पकडला जातो. दारूबंदी कायद्याच्या कलम 65 खाली शिक्षा होते. तो सत्र न्यायालयात अपील करतो, शिक्षेला स्थगिती घेतो, जामिनावर सुटतो आणि गायब होतो. वर्धा 1975 पासून आणि गडचिरोली 1993 पासून दारूबंदीत आहे, त्यामुळे नागपूरच्या वाटेवर अशी प्रकरणं होतच राहणार. माझं म्हणणं सरळ आहे: जो कोर्टासमोर उभा राहत नाही त्याचं अपील फेटाळा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1876 मध्येच पळालेल्या आरोपीचं प्रकरण ऐकायला नकार दिला होता.

मुद्देमाल
अमेरिकेचा नियम इथे चालत नाही, भाऊ. सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये स्पष्ट सांगितलं की अपील एकदा दाखल करून घेतलं की आरोपी किंवा वकील गैरहजर आहे म्हणून ते फेटाळता येत नाही. रेकॉर्ड वाचून गुणदोषावरच निकाल द्यावा लागतो. जुलै 2022 मध्ये तर नेमका फरारीचाच प्रश्न होता. आरोपी फरार आहे एवढ्याच कारणावर पाटणा उच्च न्यायालयाने अपील फेटाळलं होतं. तो निकाल रद्द झाला आणि अपील पुन्हा ऐकायला परत गेलं.

कोरडा जिल्हा
म्हणजे हरला तर सापडणार नाही आणि जिंकला तर उजळ माथ्याने परत येणार. तोटा फक्त सरकारचा! सर्वोच्च न्यायालय स्वतःकडे येणाऱ्या कैदेच्या प्रकरणात आधी शरण या म्हणतं, तर सत्र न्यायालयाने का म्हणू नये?

मुद्देमाल
कारण ती अट सर्वोच्च न्यायालयाच्या स्वतःच्या नियमांत लिहिलेली आहे. सत्र न्यायालयातल्या अपिलाला तशी अट कायद्यात नाही. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम 356 मध्ये ‘अपील कोर्टापुढे हजर व्हा, मगच अपील’ असं आहे, पण ते गैरहजेरीत चाललेल्या खटल्यापुरतं, आणि तो खटला 10 वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यातच चालतो. पेट्यांची वाहतूक त्यात बसत नाही.

आणि ‘तोटा फक्त सरकारचा’ हेही खरं नाही. हजर झाला नाही की जामीन रद्द, अजामीनपात्र वॉरंट, जामीनदाराचा मुचलका जप्त. नुसतं हजर न राहणं हाही न्याय संहितेच्या कलम 269 खाली वेगळा गुन्हा आहे, 1 वर्षापर्यंत शिक्षेचा. हे सगळं अपील न फेटाळता करता येतं.

पंचनामा
दोघंही फाईल विसरताय. दारूच्या प्रकरणातल्या चुका जवळपास सगळ्या कागदावर असतात. 180 मिलीच्या 48 बाटल्यांची पेटी 8.64 लिटरची. 10 पेट्या पकडल्या, म्हणजे 480 बाटल्या. नमुना म्हणून प्रयोगशाळेत गेली एकच बाटली, तर बाकी 479 मध्ये दारूच होती हे सिद्ध करायचं कशावरून? पंचनाम्यात सील लावल्याचा उल्लेख नाही, लेबलवर पंचांच्या सह्या नाहीत, जप्ती सोमवारची आणि नमुना पोहोचला तीन आठवड्यांनी, मधल्या दिवसांत तो कुठे होता याची मालखान्याच्या (जप्त माल ठेवायच्या खोलीच्या) रजिस्टरमध्ये नोंद नाही, नमुना नेणाऱ्या शिपायाची साक्षच नाही. यातलं काय आरोपी समोर उभा राहिल्याने बदलतं?

कोरडा जिल्हा
हे मान्य. पण त्याची बाजू मांडणार कोण? वकील ‘पक्षकाराच्या सूचना नाहीत’ अशी पुरसीस, म्हणजे लेखी निवेदन, कोर्टाला देऊन बाजूला होतो.

पंचनामा
विधी सेवा प्राधिकरणाच्या यादीतला वकील नेमता येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या निकालाप्रमाणे दरवेळी नेमलाच पाहिजे असं नाही, पण जिथे कैद कायम होणार आहे तिथे नेमावाच, असं माझं ठाम मत आहे.

मुद्देमाल
ज्याने अपील केलंच नाही आणि निकालानंतर पळाला, त्याची गोष्ट वेगळी. सत्र न्यायालयात 30 दिवसांची मुदत. पुढे विलंब माफीचा अर्ज लागतो, आणि ‘फरार होतो’ हे पुरेसं कारण म्हणून गळी उतरवणं कठीण. चंद्रपूरची बंदी 2021 मध्ये उठली, हाही आधार नाही. विनापरवाना वाहतूक तिथे आजही गुन्हाच आहे.

कोरडा जिल्हा
मग निदान अशी अपिलं वर्षानुवर्षं पडून तरी राहू नयेत. वॉरंट निघालं की रेकॉर्ड मागवा, वकील नेमा आणि ऐकून टाका. शिक्षा कायम झाली तर पोलिसांच्या हातात पक्का निकाल तरी असेल.

मुद्देमाल
इथे आपण एक आहोत. न ऐकता फेटाळलं तर नागपूर खंडपीठातून तेच अपील परत येईल आणि तोपर्यंत मालखान्यातल्या बाटल्यांवर लेबलही उरणार नाही.