वंशभेदाच्या समितीला जातीशी काय देणंघेणं? (एका फॉरवर्डला उत्तर)

सनीवेलची_निळी
आमच्या मराठी ग्रुपवर एक लांबलचक फॉरवर्ड फिरतोय. म्हणणं असं की कॅलिफोर्नियातल्या सँटा क्लारा काउंटीच्या ह्युमन राइट्स कमिशनने २०२१ मध्ये जातिभेदावर सुनावणी घेतली तिथेच सगळं बिघडलं, या समितीने गोरे-काळे बघावं, अमेरिकेत जात नाहीच, उगाच हिंदूंची बदनामी चाललीय. खाली नुसती अंगठ्यांची रांग. तिथे लिहिलं असतं तर ॲडमिनने उडवलं असतं म्हणून इथे लिहितेय, मोठं आहे, वाचायचं तर वाचा.

जात नाहीच ना? मग ती सुनावणी हाणून पाडायला झूमवर तासन् तास एवढी माणसं कशाला बसली होती? एकामागून एक तेच, मी इतकी वर्षं इथे आहे, मला कधी जात दिसली नाही. अहो, तुम्हाला कोणी विचारलीच नाही तर दिसेल कशी!

मी जाधव. पोटलकला आडनाव सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "जाधव म्हणजे कुठले?" सातारा म्हणून भागत नाही. "नाही, म्हणजे सिंदखेडराजाचे का?" तेही नाही म्हटलं की मग लग्नात तुमच्याकडे काय पद्धत, कुलदैवत कुठलं, सगळं हसत हसत, हातात वरणाची वाटी. आणि आम्ही बौद्ध म्हटलं की "वा, छान" म्हणून पाणी आणायला गेलेला माणूस संध्याकाळ संपेपर्यंत परत येत नाही.

आणि "वंशभेदाचं बघा" म्हणणाऱ्यांनी १९२३ ची थिंड केस वाचा. भगतसिंग थिंड होते शीख, पण सुप्रीम कोर्टापुढे प्रश्न होता की उच्च जातीचा हिंदू 'गोरा' धरायचा का. आम्ही उच्च जातीचे, आर्य, म्हणजे गोरे, म्हणून नागरिकत्व द्या! कोर्टाने नाही म्हटलं ते सोडा. पण वंशाच्या खटल्यात जात आपल्याच माणसाने नेली, शंभर वर्षांपूर्वी. आता समितीने नुसता विषय काढला तर घुसवली म्हणता.

कट्ट्यावरचा_देशपांडे
ताई, तुमच्या पोटलकचं वाईट वाटलं, खरंच. पण चोंबडेपणाला कायदा नसतो, असता तर माझी आत्या जन्मठेपेत असती.

मुद्द्याचं बोला. वंश, कूळ, राष्ट्रीय मूळ यावरून भेदभाव कॅलिफोर्नियात आधीच बेकायदा आहे. गव्हर्नर न्यूसम यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये जातिभेदावर बंदी घालणाऱ्या एसबी ४०३ या विधेयकावर व्हेटो मारला तो हेच सांगून. सिस्को या टेक कंपनीची केस घ्या, दलित इंजिनिअरशी जातिभेद केला म्हणून राज्याने भरलेली. जून २०२० ला केवढा गाजावाजा, दोन मॅनेजरांची नावं जगभर, आणि एप्रिल २०२३ ला त्या दोघांवरचे आरोप राज्याने स्वतःच मागे घेतले. जवळजवळ तीन वर्षं त्यांच्या घरात काय चाललं असेल याची सुनावणी कुठली समिती घेणार? आणि तो इक्वॅलिटी लॅब्स या दलित हक्कांच्या संघटनेचा सर्व्हे, ओळखीपाळखीतून फिरवलेला. कार्नेगी या अभ्याससंस्थेने इथल्या भारतीयांचा नीट नमुना घेऊन विचारलं तर जातिभेद झाला म्हणणारे ५ टक्के निघाले.

माझ्या मुलाला सहावीत प्राचीन भारताचा धडा होता. वर्गातल्या एका पोराने विचारलं की तू त्या पिरॅमिडमध्ये कुठे असतोस. त्याला तोवर जात हा शब्द माहीत नव्हता. ही तुमच्या जागृतीची फळं.

सनीवेलची_निळी
धडा आम्ही नाही लिहिला बरं का. आणि मुलाला शब्दच माहीत नव्हता ही चैन आहे, माझ्या भावाला दुसरीत माहीत होता.

कार्नेगीचं पुढचं पान वाचा. त्यातल्या हिंदूंपैकी जवळजवळ निम्मे जात सांगतात आणि त्यातले बहुतेक सगळे ओपनवाले. त्यांना विचारलं जातीचा त्रास होतो का, तर ५ टक्केच निघणार, ५० कुठून निघतील? सिस्कोचं म्हणाल तर कंपनीवरची केस तेव्हा सुटली नव्हती, ते फॉरवर्डमध्ये गाळतात. आरोप काय होता तेही गाळतात, की हा आयआयटीत कोट्यातून आलाय हे मॅनेजरने टीममध्ये सांगितलं.

फ्रीमॉन्टची_काकू
जातीचं मला एवढं कळत नाही, पण रूम भाड्याने देणाऱ्यांची पण सुनावणी घ्या एकदा. "ओन्ली व्हेज फॅमिली." माझी भाची नोकरीला आली तेव्हा एका मराठी बाईंनी फोनवर सगळं ठरवलं आणि शेवटी विचारलं, तुम्ही मासे खाता का. आम्ही मालवणचे, खोटं कशाला बोलायचं. रूम "अचानक" गेली.

टेक्सासचा_तात्या
काकू, मी घरमालक आहे. सुक्या बोंबलाचा वास कार्पेटला धरला की शॅम्पू करून जात नाही, अख्खं कार्पेट बदलायला लागतं, डिपॉझिट पुरत नाही. यात जात कुठे आली? सारस्वत मासे खात नाहीत का?

फ्रीमॉन्टची_काकू
तिने अजून बोंबील आणलेच नव्हते हो. आणि तुमच्या हिंगाच्या फोडणीचा वास कार्पेटला धरत नाही वाटतं?

गिरगाव_ते_विरार
अमेरिकेचं कौतुक पुरे, इकडे या. मुंबईत अख्ख्या बिल्डिंगा व्हेज आहेत. मराठी माणसाला मराठी राज्यात फ्लॅट दाखवत नाहीत, ब्रोकर आधी आडनाव विचारतो, मग खाणं. माझ्या मित्राला पार्ल्यात तोंडावर नाही म्हणाले. यावर कुठली काउंटी बसवणार?

टेक्सासचा_तात्या
तेच म्हणतोय, खाणं म्हणजे जात नव्हे. मालकी माझी, नियम माझा.

सनीवेलची_निळी
तात्या, हेच वाक्य इथल्या गोऱ्या घरमालकांनी १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्याच्या आधी काळ्या माणसांना ऐकवलंय, जसंच्या तसं. तेव्हाही "मालकी माझी"च होतं.

टेक्सासचा_तात्या
म्हणजे मी आता वर्णद्वेषी? बोंबलावरून? धन्य आहे. मुलांसारखे सांभाळलेत भाडेकरू, त्यात सगळ्या जातीचे होते, विचारा जाऊन.

कट्ट्यावरचा_देशपांडे
बघा, यालाच भीत होतो. आज बोंबील, उद्या देवघर, परवा मुंज केली म्हणून एचआरची नोटीस.

मिनिट्स_वाचणारा
मी या असल्या कमिशनच्या मीटिंगांना रिकाम्या वेळात जातो, हसा हवं तर. दोन्ही बाजूंना समिती म्हणजे काय हेच माहीत नाही असं दिसतंय. ती कोणाला नोटीस काढत नाही. माणसं ऐकते, सुपरवायझर्सच्या बोर्डाला, म्हणजे काउंटीच्या निवडून आलेल्या मंडळाला, सल्ला देते, बोर्डाला पटलं तर पुढे. सिॲटलमध्ये फेब्रुवारी २०२३ ला जातिभेदावर बंदी ६ विरुद्ध १ ने ठरली ती थेट सिटी कौन्सिलमध्ये, आणि मांडणाऱ्या क्षमा सावंत जन्माने पुणेकर, वाढल्या मुंबईत, त्यामुळे बाहेरच्यांचं कारस्थान वगैरे राहू द्या. त्याच वर्षी सप्टेंबरात कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नोने तेच एकमताने केलं. तिथे कोणाच्या मुंजीत पोलीस घुसल्याचं ऐकलं नाही.

माझा राग वेगळाच आहे. अजेंड्यावर काळ्या पोरांना पोलीस थांबवतात हा विषय असला की आपला एक माणूस नसतो. घरभाड्याचा असला तरी नसतो. जात आली की झूमचा लिंक रडायला लागतो. १९८७ ला जर्सी सिटीत डॉटबस्टर्स म्हणवणारे कपाळावरची टिकली बघून आपल्या लोकांना मारत होते, तेव्हा आपल्याला सिव्हिल राइट्सवाले हवे होते. आता तेच लोक आपल्या घरात डोकावले तर डाव्यांचं षड्यंत्र.

गिरगाव_ते_विरार
पार्ल्याबद्दल कोणी काही बोललंच नाही.

कट्ट्यावरचा_देशपांडे
मिनिट्सवाले, मीटिंगला मी जात नाही हे बरोबर, मला नोकरी आहे. पण जर्सीत मारणाऱ्यांनी जात विचारली नव्हती, सरसकट मारलं. मग कायदाही सरसकट असू द्या. निळीताई, एकच सांगा, कूळ कायद्यात आहे, तरी वेगळा शब्द हवाच कशाला?

सनीवेलची_निळी
कारण तक्रार घ्यायला बसलेली बाई आयोवाची असते. तिच्या फॉर्मवर रंग आहे, धर्म आहे, देश आहे. मी म्हणाले माझ्याशी माझ्याच देशाच्या, माझ्याच रंगाच्या, माझीच भाषा बोलणाऱ्या माणसाने असं केलं, तर ती म्हणते मग हे आपापसातलं भांडण आहे. कुळात बसतं हे पटवायला वकील लागतो, आणि वकिलाची फी तासावर असते. फॉर्मवर शब्द असला तर निदान पुढचा प्रश्न तरी विचारेल. एवढंच. तुमची आत्या सुरक्षित आहे.

कट्ट्यावरचा_देशपांडे
फॉर्मवर एक चौकोन वाढवा, माझं काही जात नाही. फक्त त्याच्या पुढे "साउथ एशियन" असं लिहून आमच्याच मानेवर पाटी टांगू नका. जात काय फक्त आपल्याकडेच आहे?

सनीवेलची_निळी
नाही लिहायचं. सिॲटलवाल्यांनीही जात सगळ्यांसाठीच ठेवलीय, कुठल्या एका देशासाठी नाही. वाचून विरोध केला असता तर एवढी टायपिंग वाचली असती.

फ्रीमॉन्टची_काकू
तात्या, तुमच्याकडे डॅलसला रूम रिकामी आहे का? भाचीची बदली होतेय.

टेक्सासचा_तात्या
आहे. पण बोंबील गॅरेजमध्ये तळायचे.