अंडी निम्म्याहून कमी झाली, कवचही पातळ. नेमकं काय तपासू?

रानवारा
घरामागच्या खुराड्यात आठ कोंबड्या आहेत, वय साधारण दीड वर्ष. रोज पाच-सहा अंडी मिळायची, आता जेमतेम दोन. त्यातलं एखादं इतकं पातळ की उचलताना दबतं. दोघींच्या मानेची पिसं झडलीत, एक तर दिवसभर अंडी घालायच्या खोक्यातून हलत नाही. लेअर खाद्य (अंडी घालणाऱ्या कोंबड्यांचं) चालू आहे, शिवाय सकाळ-संध्याकाळ मका टाकतो. कॅल्शियमचं औषध पाण्यातून सुरू करू का?

खुराडेकर
औषध थांबू दे. कोंबड्या अंडी घालतच नाहीत, की घातलेली गायब होताहेत, हे आधी कळायला हवं. रात्री दांडीवर बसल्या की एकेक हातात घ्या आणि शेपटीखाली, गुदद्वाराच्या दोन बाजूंची टोकदार हाडं चाचपा. मध्ये दोन-तीन बोटं मावली आणि द्वार ओलसर, रुंद असेल तर ती घालतेय. जेमतेम एक बोट मावलं, द्वार कोरडं आणि आकसलेलं असेल तर बंद आहे.

चार-पाच जणी घालणाऱ्या निघाल्या तर अंडी कुठेतरी जाताहेत. खोक्यातल्या तुसावर चिकट डाग आहेत का, कुणाच्या चोचीला बलक लागलाय का, ते बघा. पातळ कवचाचं अंडं पायाखाली फुटतं, चव लागते आणि मग चांगली अंडीही फोडली जातात. खोक्यात तीन-चार इंच तूस भरा, पुढे पडदा लावून अंधार करा, अंडी दिवसातून दोनदा उचला.

शिंपला
मका हा तुमचा पहिला संशयित. लेअर खाद्यात प्रथिनं १६ टक्क्यांच्या आसपास आणि कॅल्शियम साडेतीन-चार टक्के असतं. मक्यात प्रथिनं आठ-नऊ टक्के आणि कॅल्शियम नावापुरतं. कोंबडी दिवसाला ११०-१२० ग्रॅम खाते. त्यातले तीस-चाळीस ग्रॅम मक्याचे झाले तर उरलेलं खाद्य कितीही चांगलं असो, हिशेब बसत नाही. वरचा खाऊ दहा टक्क्यांच्या आत ठेवा.

शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात, कायम समोर. पीठ नको, डाळीएवढे तुकडे हवेत. कवच तयार व्हायला वीसेक तास लागतात आणि त्यातला बराच वेळ रात्रीचा. जाड तुकडा पोटातल्या दगडीत (दाणे दळणाऱ्या पिशवीत) टिकून हळूहळू विरघळतो, पूड मात्र लवकर पुढे सरकते. खाद्यात मिसळू नका, जिला गरज आहे ती आपणहून खाते. उन्हाळा असेल तर कवच धापेनेही पातळ होतं, तिथे सावली आणि गार पाणीच उपयोगी.

चोचमार
पिसं झडणाऱ्या दोघींकडून सध्या अंड्यांची अपेक्षा नको. या वयाला पिसगळ ठरलेलीच, दोन-तीन महिने चालते. पीस म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिनच, म्हणून तेवढ्या काळात १८-२० टक्के प्रथिनांचं खाद्य चालेल.

खोक्यातली खुडूक आहे, म्हणजे अंडी उबवायला बसलीय. हात घातल्यावर फुगून गुरगुरते ना? तळाला जाळी असलेल्या पिंजऱ्यात, पेंढा न घालता, दाणापाणी देऊन उजेडात तीन-चार दिवस ठेवा. पोटाखालून वारा लागला की बसण्याची ओढ मोडते. उचलून बाहेर सोडणं पुरत नाही, पाचव्या मिनिटाला ती परत खोक्यात असते.

रानवारा
हाडं तपासली. तीन घालताहेत, पाच बंद. खुडूक पिंजऱ्यात टाकली. दिवस लहान झालेत, दिवा लावू का?

खुराडेकर
म्हणजे चोरीचा प्रश्न फारसा नाही. बंद पाचांत दोन पिसगळीच्या, एक खुडूक. उरलेल्या दोघींचे तुरे फिके असतील तर रात्री बॅटरी घेऊन दांडीची टोकं आणि फटी बघा. तिथे लाल ठिपके हलताना दिसले तर ते रक्त पिणारे माइट (कोळ्याच्या कुळातले बारीक जीव), दिवसा लपून बसतात. दांड्या काढून घासा, फटी बुजवा, सात दिवसांनी पुन्हा तेच करा, कारण तोवर त्यांची नवी अंडी फुटलेली असतात.

दिवा पिसगळ पुरी झाल्यावर लावा. उजेड एकूण १४ ते १६ तास, वाढ आठवड्याला अर्धा तास, आणि तीही पहाटेच्या बाजूने. संध्याकाळी दिवा एकदम विझला की कोंबड्या दांडीपर्यंत पोचत नाहीत, अंधारात जमिनीवरच अडकतात.