मदत हवी आहे : पेपर रिव्ह्यूला न जाताच परत येतोय

रानवेडा
नमस्कार मंडळी. संशोधनाचा पेपर जर्नलला पाठवला की तीन-चार दिवसांत परत येतोय. नाकारला असंही म्हणत नाहीत आणि रिव्ह्यूलाही (तज्ज्ञांच्या परीक्षणाला) पाठवत नाहीत. 'सूचनांप्रमाणे दुरुस्त करून पुन्हा सबमिट करा' एवढंच. सूचना सगळ्या वाचून झाल्या आहेत, त्यामुळे 'सूचना वाचा' हा सल्ला कृपया देऊ नका. शुक्रवारच्या आत मॅन्युस्क्रिप्ट नंबर (पेपर दाखल झाल्याचा क्रमांक) हातात हवाय. कुणाला अनुभव असेल तर लवकर सांगा.

मनवा
विषय कोणता? जर्नल कोणतं? मेलमध्ये नेमके शब्द काय आहेत? एवढ्यावरून कुणालाच काही सांगता येणार नाही.

प्रा_साहेब
सिमिलॅरिटी (दुसऱ्यांच्या लेखनाशी जुळणारा मजकूर) किती आली ते आधी सांगा. यूजीसीच्या २०१८च्या वाङ्मयचौर्याच्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. पण मोजताना संदर्भसूची, ऋणनिर्देश, अनुक्रमणिका वगळायची असते. सलग १४ शब्दांपर्यंतचं सर्वसामान्य माहितीचं वाक्यही धरायचं नसतं. आमच्याकडे संदर्भसूचीसकट मोजतात आणि मुलं बिचारी चांगली वाक्यं उलटीपालटी करत बसतात. हे थांबायला हवं. ग्रंथपालांना नियमाची प्रत दाखवा.

टिंबटिंब
वर्डमध्ये लिहिलाय का? मग हेच होणार. लॅटेक (वर्डऐवजी वापरायची मांडणीची प्रणाली) शिका. ओव्हरलीफ या साइटवर जर्नलचं टेम्प्लेट उघडायचं, मजकूर ओतायचा, विषय संपला. माझे सगळे पेपर तसेच गेले.

रानवेडा
@प्रा_साहेब, सिमिलॅरिटी ६ टक्के आहे, तो प्रश्नच नाही. @टिंबटिंब, गाइड सरांना ट्रॅक चेंजेस लागतात, वर्ड सोडता येणार नाही. @मनवा, विषय बॉटनी. जर्नलचं नाव इथे नको. मेलमध्ये लिहिलंय की फिगर्स निकषात बसत नाहीत आणि मॅन्युस्क्रिप्ट अनामिक नाही (रिव्ह्यूअरला लेखक कोण ते कळता कामा नये). फिगर्स ३०० डीपीआयच (इंचाला ३०० ठिपके) आहेत, मी स्वतः तपासल्या. नावं पहिल्या पानावरून काढली आहेत. अजून काय करायचं?

मनवा
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं असतंस तर आत्तापर्यंत उत्तर मिळालं असतं. फिगर्स कसल्या आहेत? फोटो, नकाशा की आलेख? तयार कशात केल्या? आणि ३०० डीपीआय कुठे पाहिलंस?

गावठी_पंडित
रानवेडा, एवढी दगदग कशाला? फेब्रुवारी २०२५मध्ये यूजीसीने केअर लिस्टच (मान्य जर्नल्सची यादी) बंद केली. आता कुठेही छापलं तरी चालतं. मी पंधराशे रुपये भरले, आठवड्याभरात पेपर छापून सर्टिफिकेटसुद्धा आलं. लिंक व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

मनवा
कुठेही चालत नाही, पंडित. यादी बंद झाली म्हणजे जर्नल पारखायची जबाबदारी विद्यापीठांवर आणि कॉलेजांवर आली. यूजीसीने त्यासाठी मार्गदर्शक निकषही दिले आहेत. आठवड्याभरात कोण वाचणार, कोण शंका काढणार, लेखक उत्तर कधी देणार? आयएसएसएन (जर्नलचा नोंदणी क्रमांक) पोर्टलवर नंबर टाकून बघा, डीओआय (लेखाचा कायमचा डिजिटल क्रमांक) उघडतो का बघा, संपादक मंडळातल्या दोघांच्या विद्यापीठाच्या पानावर ते नाव सापडतं का बघा. चांगल्या जर्नलची हुबेहूब नक्कल केलेल्या साइट्सही आहेत. तिथे आयएसएसएन खरा असतो, पैसे मात्र भलत्याच्याच खात्यात जातात.

गावठी_पंडित
मला प्रमोशनला ग्राह्य धरला गेला. शहरातल्या लोकांना बोलायला सोपं आहे. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याने ओपन अ‍ॅक्सेसचे (वाचकाला फुकट, फी लेखकाकडून) हजार-दोन हजार डॉलर कुठून आणायचे?

मनवा
पैसे नाहीत म्हणूनच सांगतेय. मीही सीएचबीवर (तासिका तत्त्वावरच) चार वर्षं काढली आहेत. सबस्क्रिप्शन जर्नलमध्ये लेखकाकडून बहुधा काही घेत नाहीत. बऱ्याच जर्नलना दोन्ही मार्ग असतात. पेपर स्वीकारल्यावर ओपन अ‍ॅक्सेसवर खूण केली तरच बिल येतं. तुमचे पंधराशे रुपये एका पगारात निघाले असतील, पण तो पेपर आयुष्यभर तुमच्या नावावर राहणार आहे.

जुना_खांब
धाग्यावर आत्ता आलो. बील यांची यादी बघा ना, सगळी प्रिडेटरी (पैसे उकळणारी बोगस) जर्नल्स आहेत तिच्यात.

मनवा
जेफ्री बील यांनी ती यादी जानेवारी २०१७मध्ये काढून टाकली. जालावर प्रती फिरतात, पण त्यांच्यावर एकट्यावर विसंबू नये. हा वेगळा विषय आहे, रानवेडाचा प्रश्न तसाच राहिलाय.

रानवेडा
धन्यवाद. पैसे भरून छापायचं नाहीच. फिगर १ नकाशा, क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमधला. फिगर २ आलेख, एक्सेलमधला. फिगर ३ आणि ४ प्लेट्स, प्रत्येकीत सहा फोटो. प्लेट्स पॉवरपॉइंटमध्ये लावल्या आणि 'सेव्ह अ‍ॅज जेपीजी' केल्या. डीपीआय ९६ दिसत होतं म्हणून ऑनलाइन कन्व्हर्टरने ३०० करून घेतलं.

ऱ्हाइनकाठी
मी इथे जर्मनीत एका लॅबमध्ये आहे, दोन जर्नल्ससाठी नियमित रिव्ह्यू करते. अडचण प्लेट्समध्ये आहे. डीपीआय हा फाइलमध्ये लिहिलेला नुसता आकडा आहे, खरे असतात ते पिक्सेल. पॉवरपॉइंटची नेहमीची स्लाइड १३.३३ इंच रुंद असते आणि चित्र ९६ डीपीआयने बाहेर पडतं, म्हणजे १२८० पिक्सेल. पानभर रुंदीची प्लेट साधारण १९० मिलिमीटर धरली तर ३०० डीपीआयला २२४४ पिक्सेल लागतात. तुमच्याकडे १२८० आहेत, म्हणजे छापताना १७१ डीपीआय. कन्व्हर्टरने आकडा बदलला, पिक्सेल काही वाढले नाहीत. काही कन्व्हर्टर पिक्सेल वाढवतातही, पण ते नुसते ताणलेले असतात, पाकळीवरच्या शिरा त्यातून परत येत नाहीत.

उपाय असा: पॉवरपॉइंटमध्ये 'स्लाइड साइज'मध्ये जाऊन रुंदी २४ इंच करा, उंची प्लेटच्या प्रमाणात. मग फोटो नव्याने टाका, जुने ओढून मोठे करू नका. आता जेपीजी काढलंत की २३०४ पिक्सेल मिळतील. त्याआधी ऑप्शन्स, अ‍ॅडव्हान्स्डमध्ये 'फाइलमधील चित्रे कॉम्प्रेस करू नका' या अर्थाची खूण आहे, ती करा. नाहीतर ऑफिस फाइल सेव्ह करताना फोटो गुपचूप इंचाला २२० पिक्सेलवर आणतं. वर्डमध्येही तेच होतं.

मूळ फोटो कुठे आहेत?

रानवेडा
मूळ फोटो मित्राच्या कॅमेऱ्यात. त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले होते.

ऱ्हाइनकाठी
मग ते आधीच दाबले गेलेत. त्याला सांगा, फोटो म्हणून न पाठवता 'डॉक्युमेंट' म्हणून पाठव, किंवा ड्राइव्हवर टाक. मूळ फोटोत पराग, बोंडावरची लव स्पष्ट असेल तर रिव्ह्यूअरला तिथल्या तिथे खात्री पटते. आलेखाची चित्रफाइल नको. एक्सेलमधून थेट पीडीएफ काढा, म्हणजे रेषा कितीही मोठ्या केल्या तरी फुटत नाहीत. रेषाचित्र जर चित्रफाइल म्हणूनच द्यायचं असेल तर बऱ्याच ठिकाणी १००० डीपीआय मागतात.

टिंबटिंब
लॅटेकमध्ये पीडीएफ आलेख जसाच्या तसा बसतो, म्हणून सांगत होतो.

ऱ्हाइनकाठी
बसतो, खरं आहे. पण यांच्या गाइडना ट्रॅक चेंजेस हवेत आणि वनस्पतिशास्त्राची अनेक जर्नल्स वर्ड फाइलच मागतात. शुक्रवार तोंडावर असताना लॅटेक शिकायला लावू नका.

बोंडारा
मीही बॉटनीवाला. कुठल्या वनस्पती? कुठलं क्षेत्र? व्हाउचर (वाळवून जपलेले नमुने) जमा केलेत का, कुठल्या हर्बेरियममध्ये (वनस्पतिसंग्रहात)?

रानवेडा
रत्नागिरी जिल्ह्यातले सडे (कातळाची पठारं). वनस्पतींची यादी आणि दोन दुर्मिळ जातींच्या नव्या नोंदी. व्हाउचर शिवाजी विद्यापीठाच्या हर्बेरियममध्ये दिलेत. पण मला त्याबद्दल काही विचारलेलं नाही, 'अनामिक नाही' याबद्दल कुणी बोलेल का?

बोंडारा
त्याबद्दलच बोलतोय. व्हाउचरच्या रकान्यात काय लिहिलंय? बहुतेक जण गोळा करणाऱ्याचं नाव आणि त्याचा अनुक्रमांक लिहितात. ते नाव म्हणजे तुम्हीच. पहिल्या पानावरून काढलेलं नाव तक्त्यात प्रत्येक ओळीत बसलेलं असणार. अनामिक प्रतीत फक्त हर्बेरियमचा नोंदणी क्रमांक ठेवा आणि पूर्ण तपशील टायटल पेजच्या फाइलबरोबर वेगळा द्या. संपादकाला लिहायच्या पत्रात तसं एका वाक्यात कळवा. वनविभागाच्या परवानगीचं पत्र, फेलोशिपचे आभार, सगळं टायटल पेजवर.

मनवा
आणि वर्ड फाइलची कुंडली. फाइल, इन्फो, 'चेक फॉर इश्यूज', 'इन्स्पेक्ट डॉक्युमेंट'. तिथे लेखकाचं नाव, कॉमेंट्समधली गाइडची नावं सगळी दिसतात, 'रिमूव्ह ऑल' करायचं. ट्रॅक चेंजेस आधी स्वीकारून बंद करायचे. फाइलचं नावही बघ. आडनाव घालून फाइल सेव्ह करायची सवय सगळ्यांनाच असते. 'आमच्या आधीच्या पेपरात दाखवल्याप्रमाणे' असली वाक्यं असतील तर तीही फिरव.

रानवेडा
बोंडारा सर, बरोबर. तक्ता २ मध्ये सव्वाशे ओळी आहेत आणि प्रत्येकीत माझं आणि सरांचं आडनाव आहे. फाइलचं नाव पण आडनावानेच सुरू होतं. हे मेलमध्ये का लिहीत नाहीत?

ऱ्हाइनकाठी
जर्नलच्या ऑफिसात पहिली तपासणी करणारा माणूस तुमचा पेपर वाचत नाही, एक यादी समोर ठेवून टिक करत जातो. संपादकापर्यंत पेपर पोचलेलाच नसतो. म्हणून तुम्ही यादीच्याच भाषेत उत्तर द्या. 'फिगर ३ आता अमुक पिक्सेल रुंद, तक्ता २ मधून संग्राहकांची नावं काढली' असं मुद्देसूद लिहिलंत की त्याला पान उलटून शोधावं लागत नाही.

जुना_खांब
शुक्रवार गाठायचा असेल तर एकाच वेळी दोन जर्नलना पाठवून टाका. ज्याचा नंबर आधी येईल तो दाखवा, दुसऱ्याला नंतर कळवा.

मनवा
नाही, नाही, अजिबात नको! सबमिट करताना 'हा लेख दुसरीकडे विचाराधीन नाही' असं लिहून द्यावं लागतं. दोन्हीकडून एकाच रिव्ह्यूअरकडे गेला तर दोन्हीकडे नाव खराब होतं, गाइडचंही. सड्यांवर काम करणारे रिव्ह्यूअर असून असून किती असणार?

जुना_खांब
बरं. आमच्या वेळी पोस्टाने तीन प्रती जायच्या आणि वर्षभर उत्तर यायचं नाही, म्हणून लोक असं करायचे. आता नियम कडक असतील तर मागे घेतो.

चिंगी_०७
अवांतर: सडे म्हणजे कातळशिल्पं आहेत तेच का? फुलं बघायला कधी यावं? कासला गेले होते, फार गर्दी होती.

बोंडारा
तेच जांभ्याचे सडे. कोकणातल्या कातळशिल्पांची ठिकाणं २०२२मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आली. त्यांच्या भोवतीच्या डबक्यांत आणि वीतभर मातीत जो झाडोरा असतो त्याच्याकडे मात्र 'पडीक जमीन' म्हणून बघतात आणि जेसीबी लावतात. म्हणून रानवेडाच्या यादीसारखी कामं छापून यायला हवीत. पुढे कुणी हरकत घ्यायची म्हटलं तर हातात कागद असतो. दीपकाडी पावसाच्या सुरुवातीला फुलते, सीतेची आसवं आणि गेंद पाऊस मुरल्यावर. पायात मऊ चपला घाला आणि पाऊलवाट सोडू नका.

यावरून आठवलं. रानवेडा, दुर्मिळ जातींचे जीपीएस आकडे पूर्ण दिलेत का?

रानवेडा
हो, पाच दशांशापर्यंत.

बोंडारा
ते दोन दशांशांवर आणा. म्हणजे साधारण एक किलोमीटरचा घेर होतो. पाच दशांशांवर माणूस थेट रोपापाशी जाऊन उभा राहतो, आणि कंद उपटून नेणारेही पेपर वाचतात. 'नेमकी ठिकाणं संवर्धनासाठी राखून ठेवली आहेत, संपादकांना मागितल्यास देऊ' असं डेटा उपलब्धतेच्या परिच्छेदात लिहा. नकाशावरचे ठिपकेही तेवढेच मोठे करा. हे तुम्ही विचारलं नव्हतं, पण शुक्रवारपेक्षा मला हे जास्त महत्त्वाचं वाटतं.

प्रा_साहेब
शुक्रवारचं काय आहे ते कळलं नाही. पीएचडीसाठी असेल तर २०२२च्या नियमावलीने पेपर छापण्याची सक्ती काढून टाकली आहे.

रानवेडा
यूजीसीने काढली, आमच्या विद्यापीठाच्या नियमांत अजून आहे. शुक्रवार फेलोशिपच्या प्रगती अहवालासाठी. 'कम्युनिकेटेड' (पेपर जर्नलकडे पाठवलाय) असं दाखवायला नंबर लागतो.

मनवा
मग अहवालात मॅन्युस्क्रिप्ट नंबर आणि सबमिशनच्या पोचपावतीचा मेल, दोन्ही जोड. आणि सबमिट केल्यावर सिस्टिम पीडीएफ तयार करते, ती उघडून बघून 'अप्रूव्ह' केल्याशिवाय पेपर जर्नलकडे जातच नाही. प्लेट्स त्या पीडीएफमध्ये धुरकट दिसल्या तर घाबरू नकोस, तिथे छोटी प्रत असते. वरच्या कोपऱ्यातल्या लिंकवरून मूळ फाइल उतरवून बघ.

रानवेडा
मंडळी, नंबर आला! मित्राने मूळ फोटो ड्राइव्हवर टाकले, प्लेट्स २४ इंचांच्या स्लाइडवर नव्याने लावल्या. तक्ता साफ केला, ठिकाणं दोन दशांशांवर आणली. सरांनी ठिकाणांच्या बाबतीत आधी नाही म्हटलं, मग बोंडारा सरांचं म्हणणं वाचून दाखवल्यावर हो म्हणाले. अहवालही गेला. सगळ्यांचे मनापासून आभार. आता स्टेटस 'विथ एडिटर' दिसतंय, त्याचा अर्थ काय? किती दिवस लागतात?

ऱ्हाइनकाठी
अभिनंदन. म्हणजे तपासणीच्या टेबलावरून पेपर संपादकाकडे गेला. तो वाचून रिव्ह्यूअर शोधेल. लोक नाही म्हणत राहिले तर इथेच कितीतरी आठवडे जातात. रोज लॉगिन करून काही हलत नाही. तीन महिन्यांत हालचाल दिसली नाही तर नंबर घालून दोन ओळींचा मेल करा. तोवर मूळ फोटो आणि संग्राहकांच्या नावांचा पूर्ण तक्ता एका फोल्डरमध्ये नीट ठेवा, स्वीकारल्यावर पहिल्यांदा तेच मागतील.