फँटसी कादंबरी: नायिकेच्या शक्तीपुढे वेढाच निरर्थक ठरतोय

ओली_वात:
फँटसी कादंबरीचा पहिला खर्डा तयार आहे, साधारण ८० हजार शब्द. जग काल्पनिक, पण भूगोल सह्याद्रीचा: घाट, कातळकडे, डोंगरी किल्ले. नायिका चंद्रा एका सावलीत शिरून दुसऱ्या सावलीतून बाहेर पडू शकते. प्रकरण १४ ते २३ मध्ये तिच्या किल्ल्याला वेढा पडतो. आत ८०० माणसं. उपासमार होते आणि शेवटी किल्लेदाराचा मेहुणा दरवाजा उघडून देतो.

वाचणाऱ्यांचा पहिला प्रश्न हाच: ही बाहेरून धान्य का आणत नाही? सेनापतीच्या तंबूत शिरून त्याचा निकाल का लावत नाही? शक्ती वापरली की तिला ग्लानी येते, असं मी लिहिलंय. ते कुणाला पटत नाही. शिवाय मेहुण्याची फितुरी अचानक उपटल्यासारखी वाटते. वेढाच काढून टाकू का?

कातळटाकं:
अजिबात काढू नका. ग्लानी पटत नाही, कारण ती लेखकाच्या सोयीने येते. किती उड्यांनंतर येते, किती वेळ टिकते, काहीच ठरलेलं नाही. मोजता येईल अशी मर्यादा घाला.

धान्याचा हिशेब करून बघा. माणशी रोज पाऊण किलो धरलं तर ८०० माणसांना ६०० किलो, म्हणजे रोज सहा क्विंटल. चंद्राला अंगावर पेलेल तेवढंच नेता येतं असा नियम करा आणि ते २० किलो धरा. रोज ३० फेऱ्या झाल्या. दिवसाला आठच फेऱ्या जमतात असं ठरवलंत तर १६० किलो येतं, म्हणजे जेमतेम २१३ माणसांचं पोट भरतं. "का आणत नाही?" हा प्रश्न तिथेच संपला. ती आणते, पण पुरत नाही.

आता खरी गोष्ट सुरू होते: हे १६० किलो कुणाला द्यायचं? तटावरच्या शिबंदीला, बाळंतिणींना, की सगळ्यांना मूठमूठ? किल्लेदार शिबंदीला देतो आणि मेहुण्याचं घर वाटपाच्या यादीतून वगळलं जातं. फितुरीचं कारण वेगळं शोधावं लागत नाही.

तिथीवार:
वरच्या हिशेबाशी सहमत, पण सेनापतीचा प्रश्न त्याने सुटत नाही. गळा कापायला एकच फेरी पुरते. तिथे ऋतू वापरा. कडा स्पष्ट असलेलीच सावली चालते, असा नियम ठेवा. आषाढात घाटमाथ्यावर ढग उतरले की दिवसचे दिवस धड सावली पडत नाही. पन्हाळ्याचा वेढा आठवा, मार्च ते जुलै १६६०. महाराज निसटले ती रात्र आषाढी पौर्णिमेची, म्हणजे आभाळ मोकळं असतं तर लख्ख चांदणं. पावसाने ते झाकलं. तुमच्या कथेत तेच ढग चंद्राला कोंडतील.

उघडीप दाखवायची असेल तर तिथी नीट लावा. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, वद्य अष्टमीचा मध्यरात्रीच्या आसपास. तेव्हा वद्य अष्टमीला संध्याकाळी चांदण्याची सावली वापरली तर जाणता वाचक लगेच पकडेल. दहा दिवसांत दोन पौर्णिमा घातलेली हस्तलिखितं कमी नाहीत.

उलटा_पट:
ढगांची कल्पना चांगली आहे, पण नियम प्रकरण १४ मध्ये पहिल्यांदा कळला तर पुन्हा लेखकाची सोयच. प्रकरण ३ किंवा ४ मध्ये तो किरकोळ कामात आडवा येऊ द्या: दुपारी ढग आले आणि ती बाजारात अडकली, एवढं पुरे.

आणि शत्रूच्या बाजूने विचार करा. जुन्या काळी पावसाळ्यात फौजा सहसा छावणीला जात. दारू भिजते, जनावरांचे पाय रुततात, तळावर रोगराई. तरीही हा सेनापती पाऊस तोंडावर असताना वेढा घालतो आणि आषाढातही उठवत नाही. का? कारण चंद्राचं गुपित त्याला माहीत आहे. आणि ते सांगणारा एकच माणूस असू शकतो. फितुरीचा पहिला धागा वेढ्याच्या मुहूर्तातच पडला. हे वाचकाला सांगू नका. किल्ल्यावरच्या एखाद्या म्हाताऱ्या गोलंदाजाला फक्त कुरकुरू द्या, "हा येडा पावसात का बसलाय?"

मात्र मग मेहुण्याला दोन टप्पे लागतील. वेढ्याआधी गुपित फोडलं ते पैशासाठी किंवा मत्सरापोटी, दरवाजा उघडला तो भुकेपोटी. दोन्हींना एकच कारण दिलंत तर यादीचा प्रसंग वाया जाईल.

ओली_वात:
हे जमेल. पण रात्री तळावर मशाली असतात. त्यांच्या सावल्या पडणारच ना?

तिथीवार:
पडतात, पण हलतात. ज्योत वाऱ्यावर वाकली की सावली हातभर सरकते. चंद्रा अर्धी बाहेर असताना सावली सरकली तर काय होतं, हे आजच ठरवा: हात कापला जातो, की ती मागे फेकली जाते? काहीही ठरवा, पण तिला एकदा प्रयत्न करून फसू द्या, नाहीतर प्रश्न शिल्लक राहतो. बंद खोलीतल्या समईची सावली स्थिर असते, म्हणून किल्ल्याच्या आत ती फिरू शकते. म्हणजे धान्याबरोबर तेलाचाही हिशेब आला. आणि सेनापती तंबूत दिवा न लावता झोपतो. अंधारात सावलीच नाही.

कातळटाकं:
सगळं पुन्हा लिहायला बसू नका. फक्त प्रकरण १४ ते २३ चा तक्ता करा: तिथी, आभाळ, कोठारातलं धान्य, तेल, चंद्राला काय माहीत, शत्रूला काय माहीत. वेढा ४५ दिवसांचा असेल तर पूर्ण शिध्याने २७० क्विंटल लागतं. कोठारात सुरुवातीला १८० ठेवा. तिसाव्या दिवशी संपतं. शिधा विसाव्या दिवशी अर्धा केला तर उरलेलं ६० क्विंटल आणखी वीस दिवस पुरतं, आणि फितुरीला जागा कुठे हे तक्त्यातच दिसेल. चंद्राची आवक वेगळ्या रकान्यात धरा, ढगाळ दिवसांना शून्य लिहून.